एकतीस पंख आणि माझी धार

मी एक जुनी सुरी आहे आणि जुनी आहे म्हणून कुणी माझी कीव करू नये. मित्रांनो, तुमच्या घरच्या विळीचं पातं काढून अर्ध्या चंद्रासारखं घासलं आणि वर आडवी मूठ बसवली, तर जे दिसेल तेच माझं रूप. आमच्या बेटावर मला उलू म्हणतात. मी बायकांच्या हातात असते.

अकिनिसीच्या वडिलांनी मोडक्या करवतीतून मला कापलं, वॉलरसच्या सुळ्याची मूठ बसवली आणि मुलीच्या लग्नात तिला दिलं. त्याला बावन्न वर्षं झाली. सील, मासे आणि दर वसंतात समुद्रावर उतरणारी मोठी बदकं, सगळं मी कापलं. कातडं कुठेही न फाटता बदक सोलायचं असलं, की शेजारणी मला मागायला यायच्या. मग दुकानातून प्लास्टिकच्या मुठीच्या सुऱ्या आल्या. मी खणात गेले, दोऱ्याच्या गुंड्यांखाली. माझ्यावर गंज चढला. मी रडले नाही. मला राग आला होता.

अशात दक्षिणेतल्या एका कचेरीतून पत्र आलं. पलीकडच्या मुख्य भूमीच्या किनाऱ्यावरची बदकं झपाट्यानं कमी होत होती. बेटावरची बदकं त्याच कुळातली असतील, तर पुढच्या वसंतापासून इथली शिकार बंद. मित्रांनो, लांब हिवाळ्यानंतर आमच्या घरांत शिजणारं पहिलं ताजं मांस म्हणजे ती बदकं.

मग नोएमी नावाची तरुण शास्त्रज्ञ आली. तिनं सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "प्रत्येक बदकाचा एक पंख मला द्या. मांसाच्या कणात कुळाची खूण असते. दोन्हीकडची बदकं एक आहेत का, ते त्यातून कळेल."

अकिनिसीचा भाचा सिमियुनी हसला. "म्हणजे आमची बदकं वेगळी आहेत हे आम्ही इतकी वर्षं सांगतोय, ते आता बदकानं सांगायचं?"

"हो," नोएमी म्हणाली. "तुमचं ऐकलं नाही. त्याचं ऐकतील."

पहिल्याच बदकाच्या पंखाच्या सांध्यात नोएमीचं पातळ पातं तुटलं. "या पोरीला खेळणं देऊन पाठवलंय," असं म्हणत अकिनिसीनं मला खणातून काढलं आणि दगडावर घासलं. पंख मी कापू लागले. आतला मांसाचा कण मात्र नोएमी दर वेळी नव्या पात्यानं घ्यायची, जिथे माझी धार लागलेली नसे. मला अपमान वाटला. पण एका पक्ष्याचं रक्त माझ्यावरून दुसऱ्याला लागलं असतं, तर दोघांचीही साक्ष बिघडली असती. तिचं बरोबर होतं.

पंख एकतीस झाले. शिकाऱ्यांनी पिशव्यांवर तारखा टाकल्या, चिठ्ठ्या भरल्या आणि त्यांची यादी कचेरीत गेली. आठवड्याभरात फोन आला.

"चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईंनी एकतीस बदकं स्वयंपाकघरात बसून मारली का?" पलीकडचा माणूस विचारत होता. "हे नमुने आम्हाला धरता येणार नाहीत."

प्रत्येक चिठ्ठीवर एकच नाव होतं: अकिनिसी. आणि जागा? तिचं घर.

"चिठ्ठीवर मारणाऱ्याचं नाव हवं होतं!" नोएमीनं कपाळाला हात लावला.

"असं कसं?" डेविडी म्हणाला. तो उत्तरेच्या खडकांवर शिकार करायचा. "आमच्यात आधी म्हाताऱ्यांना वाटा देतात. दिलं की बदक अकिनिसीआत्याचं झालं. तिच्या बदकावर मी माझं नाव घालू? चोरीच ती!"

शिकारीचा हंगाम आता संपला होता, नवे पंख मिळणार नव्हते.

"पिशव्या इकडे आण," अकिनिसी म्हणाली.

तिनं एकेक पिशवी हातात घेतली. "तीन तारीख. हे सिमियुनीनं दिलं, पोटात शिंपल्या होत्या. पश्चिमेच्या बेटावरचं. हे त्याच संध्याकाळी डेविडीनं दिलं, पोटात समुद्रातले काटेरी गोळे. ते फक्त उत्तरेच्या खडकांवर मिळतात." एकही पोट ती विसरली नव्हती. ती सगळी मीच उघडली होती. मला बोलता आलं असतं, तर मीही तेच सांगितलं असतं.

नोएमीनं नुसता विश्वास ठेवला नाही. प्रत्येक शिकाऱ्याच्या घरी वेगवेगळं जाऊन तिनं विचारलं, अकिनिसीच्या सांगण्याशी ताडून पाहिलं. अठ्ठावीस जुळले. "तीन नाही जुळले, आजी. ते सोडावे लागतील."

"तिन्ही डेविडीचे असणार. तो स्वतःची टोपी कुठे ठेवली तेही विसरतो."

तिन्ही डेविडीचेच होते.

हिवाळ्यात उत्तर आलं. पश्चिमेच्या बेटांवरची बदकं वेगळ्या कुळाची, किनाऱ्यावर कधी न जाणारी. कचेरीनं बंदीचा बेत सोडला. पण उत्तरेच्या खडकांवरून आलेली सहा बदकं किनाऱ्याच्या त्या घटत्या कुळातली निघाली.

डेविडी म्हणाला, "मग मी उत्तरेला जाणार नाही."

"तुला कुणी बंदी घातली?" सिमियुनीनं विचारलं.

"कुणी नाही. म्हणून तर."

पुढे एका संग्रहालयाचे गृहस्थ मला काचेच्या कपाटासाठी मागायला आले. शेजारी पाटी लावू म्हणाले. अकिनिसीनं त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "काचेत बसून ती काय कापणार? धूळ?"

मित्रांनो, तुमच्याही घरात खणाच्या तळाशी कुणीतरी पडलेलं असेल. त्याला काढा. त्याची धार पाहा. त्यानं काय काय उघडून पाहिलंय, ते त्याला विचारा. आणि कुणी घाईनं त्याला काचेत ठेवू लागलं, तर आडवे या.

माझं म्हणाल, तर मला वेळ नाही. बर्फ फुटलाय आणि सिमियुनी दोन बदकं घेऊन दाराशी उभा आहे. या वर्षीच्या चिठ्ठीवर ओळी दोन आहेत: कुणी मारलं, आणि कुणाला दिलं.