सरोजिनीबाईंची सतरंजी

मित्रांनो, मी सतरंजी आहे. माझे वय पस्तीस वर्षे आहे आणि अजून माझा एकही धागा सुटलेला नाही. हे मी अभिमानाने सांगत नाही. का, ते पुढे कळेल.

देगलूरला लक्ष्मम्मा नावाच्या बाईने मला हातमागावर विणले. लाल-निळे पट्टे आणि कडेला पांढरी किनार. सरोजिनीबाई तेव्हा देगलूरच्या शाळेत भूगोल शिकवत होत्या. मला घ्यायला आल्यावर त्यांनी विचारले, हिला जपायचे कसे? लक्ष्मम्मा हातातले काम न थांबवता म्हणाली, "बसायला हाय बाई ही, पुजायला न्हाई. बसा, पडा, मळली की धुवा. नुसती ठेवली तर कसर खाती."

बाईंनी ते ऐकले. पुढे त्यांची बदली नांदेडला झाली आणि मी त्यांच्याबरोबर आले. माझ्यावर त्यांची मुलगी मुग्धा रांगायला शिकली. माझ्यावर भाजी निवडली गेली, वह्या तपासल्या गेल्या, चहा सांडला. मग बाई मला धुवायच्या आणि गच्चीच्या कठड्यावर वाळत घालायच्या. माझी ती वर्षे चांगली गेली.

वर्षातला एक दिवस मात्र बाईंचा स्वतःचा असे. एकवीस जून. तेव्हा या दिवसाचा कुठे कार्यक्रम होत नसे. भूगोलाच्या बाईंना एवढेच ठाऊक होते की आज दिवस सगळ्यात मोठा आणि उद्यापासून सूर्य परत फिरणार. सकाळी माझ्यावर उभ्या राहून त्या बारा सूर्यनमस्कार घालायच्या. सावकाश, प्रत्येक श्वास पुरता घेऊन. दुपारी उन्हाळ्याचा माठ रिकामा करून पालथा घालायच्या. त्याच्या तळातला वाळा काढून सुकवायच्या आणि माझ्या घडीत ठेवायच्या. पुढचे कितीतरी महिने मला त्याचा वास येई. संध्याकाळी गच्चीवर मला अंथरून सूर्य मावळेपर्यंत बसायच्या. हातात काही काम नाही. मुग्धाने एकदा विचारले, आई, तू नुसती का बसलीस? त्या म्हणाल्या, "आजचा दिवस मोठा असतो गं. सगळ्यांचं करून मला थोडा उरतो."

त्यांचे यजमान रेणुकादास सर. तेही शिक्षक, पण व्यायामाचे. शाळेत त्यांची शिट्टी वाजली की मुले जागच्या जागी थांबत. ते निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांनी एकवीस जून हा योगाचा दिवस म्हणून साजरा होऊ लागला. सर कॉलनीच्या मैदानावर लोकांना आसने शिकवू लागले. प्लास्टिकच्या चटया त्यांना आवडत नसत. त्यांनी मला मागून घेतले.

त्या दिवसापासून माझा मान वाढला. माझ्यावर चहा न्यायचा नाही. पाय धुतल्याशिवाय बसायचे नाही. वाळ्याने डाग पडतील म्हणून वाळा बंद झाला. माझी घडी घालायची नाही, गुंडाळी करायची, आणि ती सरांनीच करायची. एक धागा जरा सैल दिसला तर ते चष्मा लावून सुईने तो आत घेत. लोक म्हणत, सर, सतरंजी जपावी तर तुमच्यासारखी. सरांना ते आवडे. मलाही आवडे, खोटे कशाला सांगू?

बाईंची संध्याकाळही गेली. एकवीस जूनला संध्याकाळी मैदानावर समारोप असे, आणि आलेल्या लोकांसाठी पोहे बाई करायच्या.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात बाईंना दम लागू लागला. त्या सदुसष्ट वर्षांच्या होत्या. जिना चढताना दोनदा थांबायच्या. डावा खांदा दाबत बसायच्या. मी गुंडाळलेली दाराआड उभी असे, मला दिसे. सरांना माझा सैल धागा दिसत होता, हे दिसत नव्हते. धुरपताबाई त्यांच्या घरी बारा वर्षांपासून कामाला आहेत. त्या एकदा स्पष्ट बोलल्या, "सर, बाईला लई दम लागून राहिला. दवाखान्यात दाखवा."

"दम लागतोय म्हणजे व्यायाम लागू पडतोय," सर म्हणाले. "तुम्ही भांडी बघा."

मुग्धा लातूरला असते. तिने फोनवरून हृदयाच्या डॉक्टरांची वेळ घेतली, एकोणीस जूनची. ती सरांनी बदलून तेवीस केली. कारण त्या वर्षी सरांनी संकल्प सोडला होता. सगळ्यात मोठ्या दिवशी सूर्योदयाला पतीपत्नी मिळून एकशे आठ सूर्यनमस्कार घालणार. हातात पाणी घेऊन चार लोकांसमोर बोलले होते. कॉलनीच्या फळ्यावर तसे लिहूनही झाले होते.

बाई म्हणाल्या, आधी डॉक्टरांकडे जाऊन येऊ.

"डॉक्टर विश्रांती सांगतील," सर म्हणाले. "मग संकल्प मोडेल. चार दिवसांनी काय बिघडतंय?"

बाई पुढे काही बोलल्या नाहीत. चाळीस वर्षे त्या अशाच गप्प बसत आल्या होत्या. सर त्याला होकार समजत.

एकवीस जूनला मैदानावर पन्नासेक लोक आले. सरांनी मला सगळ्यात पुढे अंथरले. उजवीकडे सर, डावीकडे बाई. शेजारचे शिवलिंगअप्पा माईकवर आकडे मोजायला उभे राहिले. ते म्हणाले, वहिनी, सर दमले तर आम्हाला खूण करा, आम्ही उचलून नेऊ. सगळे हसले. बाईही हसल्या.

मित्रांनो, माझ्यावर तळहात टेकले की मला माणूस कळतो. सरांचे तळहात कोरडे आणि गरम होते. बाईंचे पहिल्यापासून गार आणि ओले होते. विसाव्या नमस्काराला त्यांचा सगळा भार उजव्या तळहातावर आला. तिसाव्याला त्यांचा श्वास तोंडाने येऊ लागला. बाईंचे बारा नमस्कार मी वर्षानुवर्षे अंगावर घेतले होते. त्यात प्रत्येक श्वास पुरता असे. आज एकही पुरता नव्हता. मी सतरंजी. मी काय करणार होते?

एक्केचाळिसाव्याला बाई खाली गेल्या आणि वर आल्या नाहीत. छाती, कपाळ, गुडघे, सगळे माझ्यावर टेकलेले. ती त्या आसनाचीच स्थिती होती. त्यामुळे मागच्या लोकांना काही वेगळे वाटले नाही.

सर खालच्या आवाजात म्हणाले, "ऊठ. लोक बघून राहिलेत."

"अहो, थोडं पडू द्या मला."

सरांनी माझ्याकडे पाहिले. बाईंच्या घामाने माझा निळा पट्टा काळा पडला होता.

"सतरंजी भिजली सगळी," ते म्हणाले. "ऊठ."

बाईंनी माझ्यावर केलेले ते शेवटचे मागणे, आणि त्यांनी ऐकलेले हे शेवटचे बोलणे. सरांना वाटले, बाई रुसल्या. त्यांनी पुढचे तीन नमस्कार एकट्याने घातले. शिवलिंगअप्पा मोजत होते. लोक टाळ्या वाजवत होते. बाईंच्या बोटांनी माझी किनार घट्ट धरली होती. चव्वेचाळीस म्हटल्यावर ती बोटे सुटली.

घराची किल्ली मागायला आलेल्या धुरपताबाई फाटकातून पळत आल्या. त्यांनी बाईंना उताणे केले. मग चौघांनी माझी चार टोके धरून बाईंना रिक्षापर्यंत नेले. लक्ष्मम्माची वीण पक्की. एक धागा तुटला नाही. मी शाबूत राहिले, बाई राहिल्या नाहीत. म्हणून मी म्हणाले, मला त्याचा अभिमान नाही.

त्यानंतर वर्ष झाले. माझ्यावर दोन तळहातांचे आणि कपाळाचे पिवळट डाग आहेत. ज्या सरांना चहाचा थेंब चालत नसे, ते आता मला धुऊ देत नाहीत. रोज संध्याकाळी गच्चीवर मला उलगडतात आणि शेजारी उघड्या फरशीवर बसतात. माझ्यावर बसत नाहीत. मुग्धा फोन करते, पण सरांशी बोलत नाही. ती धुरपताबाईंना विचारते, ते जेवले का.

मागच्या महिन्यात धुरपताबाई मला धुवायला नेत होत्या. सरांनी माझे एक टोक धरून ठेवले. धुरपताबाई म्हणाल्या, "माणूस होतं तवा जपलं न्हाई. आता घाम जपून राहिलात." सरांनी टोक सोडले नाही.

काल पुन्हा एकवीस जून होता. सर मैदानावर गेले नाहीत. त्यांनी माठ रिकामा केला. तळात वाळा नव्हता, कारण या उन्हाळ्यात कुणी तो घातलाच नव्हता. माठ त्यांनी पालथा घातला. संध्याकाळी मला गच्चीवर अंथरले. सूर्य पार उत्तरेकडे सरकून मावळत होता. धुरपताबाई वाळलेले कपडे न्यायला वर आल्या. जिन्यात त्या दोनदा थांबल्या. या वेळी सरांना ते ऐकू आले.

सर उठून उभे राहिले. माझ्याकडे हात करून म्हणाले, "धुरपताबाई, बसा थोडं. टेका पाठ."

धुरपताबाईंनी माझ्यावरचे डाग पाहिले. मग सरांकडे पाहिले.

"ज्यांना बसायचं होतं त्यांना बसू दिलं न्हाई," त्या म्हणाल्या आणि कपडे खांद्यावर टाकून खाली गेल्या.

सर उभेच राहिले. उजेड बराच वेळ होता. दिवस मोठा होता.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू तुम्हाला शेवटी सांगतात, आम्हाला जपा. माझे मागणे उलटे आहे. मला जपू नका. तुमच्या घरात कुणी जिन्यात थांबत असेल, खांदा दाबत असेल, थोडं पडू द्या म्हणत असेल, तर हातातले काम, दिलेला शब्द, जमलेले लोक, सगळे बाजूला ठेवून मला अंथरा. मी भिजले तर भिजू द्या. मी उन्हात वाळते.