सुदेशच्या नावाचा चषक

आमच्या कोपरी गावात माणूस गेला की आधी फ्लेक्स लागतो, मग दहावा होतो. सुदेशला जाऊन वर्ष झालं, तर परत नवा फ्लेक्स लागला. ‘आमच्या लाडक्या सुदेशदादाच्या स्मरणार्थ भव्य अंडरआर्म क्रिकेट स्पर्धा.’ त्यात सुदेश पासपोर्ट फोटोएवढा, आणि त्याच्या भोवती मंडळाचे अध्यक्ष, कार्याध्यक्ष, सल्लागार आणि ज्यांचा सल्ला कोणी घेत नाही असे आणखी सहा जण. सगळे गॉगल लावून. दुःख एवढं की डोळे दाखवायची सोय नव्हती.

पोरगा मात्र खरंच लाडका होता. एकतीस वर्षांचा. तळमजल्यावरच्या गंगुबाईंना आठवड्यातून दोनदा स्कूटरवरून डायलिसिसला नेणारा, आणि वाटेत त्यांच्याच शिव्या खाऊन हसणारा. गेल्या वर्षी याच मैदानात, मॅच चालू असताना त्याच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मागे राहिले म्हातारे आईबाप, बायको योगिनी आणि पाच वर्षांची सान्वी.

तेराव्यापर्यंत सगळे रडले. चौदाव्या दिवशी शोध लागला की दोष योगिनीचा. मोहने गावची मुलगी, लव्ह मॅरेज, पत्रिका बघितलेली नाही. “पायगुण असतो हो एकेकीचा,” असं आमच्या सोसायटीच्या जिन्यात, एम.ए. झालेल्या बाईंनी मला सांगितलं. मी ‘हं’ म्हणालो आणि माझा जिना चढलो.

स्पर्धेच्या रविवारी सकाळी योगिनी ओट्याशी पोह्यांना फोडणी देत होती. आवडाबाई, म्हणजे तिची सासू, कोथिंबीर निवडत होती. आमच्या दोन घरांत एकच भिंत, तीही नावालाच. इकडे सगळं ऐकू येतं, दार उघडं असलं की दिसतंही. तेवढ्यात दिपेश आला. दिपेश म्हणजे मंडळाचा अध्यक्ष, सुदेशचा शाळेपासूनचा दोस्त. फ्लेक्सवरचा सगळ्यात मोठा गॉगल त्याचाच.

“काकू, दहा वाजता पीच पूजन. तुमच्या हातून. हिरवी साडी नेसा हां. साहेब पण येतायत.”

“आणि मी?” योगिनीने गॅस बारीक करत विचारलं.

दिपेशने मोबाईलमध्ये डोकं घातलं. “वहिनी, तुम्ही या ना. मागे मांडवात खुर्ची ठेवलेली आहे तुमच्यासाठी. फॅनसमोर. फक्त ते पूजनाला... म्हणजे मी नाही मानत असलं, पण पोरांची सीझनची पहिली टुर्नामेंट आहे. लोक बोलतात.”

“माझ्या नवऱ्याच्या नावाची आहे ना टुर्नामेंट?”

“त्याच्याच नावाची आहे. म्हणून तर बोलतोय, नीट पार पडू दे.”

योगिनी सासूकडे वळली. “आई, वर्षभर मी कुठेच पुढे आले नाही. डोहाळजेवणाला बोलावलं नाही, बारशाला बोलावलं नाही, गप्प बसले. पण आज त्याचं नाव घेणार आहेत. आज मी मागे नाही बसणार.”

“उगाच हट्ट नको करूस गं,” आवडाबाई म्हणाली. तिने वर पाहिलं नाही. “दोन तासांचा तर प्रश्न आहे.”

योगिनीने पोहे सान्वीच्या ताटलीत वाढले आणि ती आत जाऊन साडी बदलू लागली.

दहाला ठरलेलं पूजन पावणेअकराला सुरू झालं, कारण साहेबांचं आधी कुठेतरी उद्घाटन होतं. मैदानात डीजेवाल्याने देशभक्तीचं गाणं लावलं होतं. श्रद्धांजलीचं त्याच्याकडे नव्हतं. साहेब माईकवर म्हणाले, “सुशांतसारखा तरुण पुन्हा होणे नाही.” मागून कोणीतरी ‘सुदेश, सुदेश’ म्हणून कुजबुजलं. साहेबांनी नाव बदललं, वाक्य तेच ठेवलं. टाळ्या पडल्या. अहो, मेलेल्याचं नाव चुकल्यावरही टाळ्या वाजवतो आम्ही, एवढे आम्ही सुसंस्कृत.

मग दिपेशने पुकारा केला, “आता पीच पूजन सुदेशदादाच्या मातोश्रींच्या शुभहस्ते!”

आवडाबाई हिरव्या साडीत, हातात हळदकुंकवाचं ताट घेऊन पुढे आली. तिच्या मागोमाग योगिनी मांडवातून उठली आणि नवऱ्याच्या फोटोशेजारी जाऊन उभी राहिली. हात लावला नाही, बोलली नाही, नुसती उभी राहिली.

एवढ्याने पंचवीस-तीस जवान गडी हादरले. छातीवर वाघाचे टॅटू, आणि एका बाईच्या मोकळ्या कपाळाला घाबरले! दिपेश धावत आला. “वहिनी, प्लीज यार. काकू, सांगा ना त्यांना. वर्षाच्या दिवशी अपशकुन नको.”

आवडाबाई स्टंपपाशी वाकली होती. ती सरळ झाली.

“काय म्हणालास?”

“काकू, तसं नाही...”

“तसंच म्हणालास. अरे, पोरगा माझा मेला. नऊ महिने मी वागवला, तो मेला. तरी मी शुभ? का, तर माझा म्हातारा त्या खुर्चीत बसलाय म्हणून? आणि हिचा नवरा मेला म्हणून ही अशुभ? मेलं तर एकच माणूस ना रे आमच्या घरातलं!”

माईक चालूच होता. कोणाला बंद करायचं सुचलं नाही.

“दहाव्याला खाडीवर हिच्या बांगड्या मी फोडल्या. ह्या हातांनी. ही ओरडत होती, आई नको, आणि चार बायकांनी हिला धरलेली. मला वाटलं, रीत आहे. लाज वाटते आता मला. आणि त्या रात्री ही मला काय म्हणाली ते मी दाबून टाकलं. म्हटलं, पोरांना कशाला दोष द्यायचा. योगिनी, आज सांग तू.”

योगिनी फोटोपाशीच उभी राहून बोलली. “त्याने मैदानातून मला फोन केलेला. छातीत दुखतंय, हात जड झालाय म्हणाला. मी म्हटलं, आहेस तसा दवाखान्यात जा. मग मी तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा दिपेशभावजींनी उचलला. म्हणाले, वहिनी टेन्शन नका घेऊ, गॅस झालाय, सोडा पाजलाय, त्याची एक ओव्हर बाकी आहे. भावजी, खोटं आहे का हे?”

दिपेशने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. त्यांना कल्याणला दुसरा कार्यक्रम होता. जाता जाता ते दिपेशच्या कानात काहीतरी सांगून गेले, आणि त्या महापुरुषाला एकदम समाजसुधारणा सुचली. त्याने ताट उचलून योगिनीपुढे धरलं. “वहिनी, माफ करा. चला, पूजन तुम्हीच करा.” लगेच दहा-बारा मोबाईल वर झाले.

“आता नाही,” योगिनी म्हणाली. “वर्षभर अशुभ होते, दोन मिनिटांत शुभ कशी झाले? व्हिडिओ निघतोय म्हणून? मला तुमचं पूजन नको. उद्या कोणाच्या छातीत दुखलं तर मॅच थांबवा आणि त्याला दवाखान्यात न्या. ते जमत नसेल तर त्याचं नाव काढा ह्या चषकावरून.”

तिने सान्वीचं बोट धरलं आणि निघाली. आवडाबाई तिच्याबरोबर गेली. सुदेशचे वडील, म्हातारे मारुतीराव, काठी शोधत दोघींच्या मागून गेले. थांबा, असं त्यांना कोणी म्हणालं नाही.

साडेअकराला मॅच सुरू झाली. सुदेशच्या नावानेच. बक्षीस समारंभही झाला, फोटोही निघाले.

संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर दिपेशने लिहिलं, ‘काही लोकांनी घरचे वाद मैदानात आणून दादाच्या आत्म्याला दुःख दिलं. तरी स्पर्धा यशस्वी.’ त्याखाली त्रेसष्ट अंगठे आले. सुदेश गेला त्या दिवशी मैदानात पाण्याची बाटली धरून उभे असलेले, सोडा आणून देणारे, ‘टाक रे, एकच ओव्हर’ म्हणणारे, सगळ्यांचे अंगठे. त्यात एक माझाही आहे. सवयीने दाबला गेला, असं मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “मग सवयीने जाऊन तिची माफी पण मागा.”

एका भिंतीपलीकडे दार आहे. चार दिवस झाले, मला ते वाजवायची हिंमत झालेली नाही. हे लिहून संपलं की जाणार आहे. तुमच्या शेजारी कोण राहतं, ते तुम्ही बघा.