शिंपीकाकांची पांढरी नळी

मित्रांनो, मी एक जुनी भिंगरी आहे. खेळण्यातली नव्हे, प्रयोगशाळेतली. रक्ताच्या नळ्या गरगर फिरवायच्या, तांबडं खाली बसवायचं आणि वरचं पिवळसर पाणी वेगळं करायचं, हे माझं काम. आता माझं झाकण गंजलं आहे. तरी एक नळी माझ्या पोटात अजून फिरते.

तेव्हा आमच्याकडे एक अभ्यास चालू होता. माणसं उपाशीपोटी येत. त्यांना एका आठवड्यात लोणी लावलेला पाव मिळे, दुसऱ्यात लोण्याऐवजी तेवढ्याच वजनाचं तेल. मग दर दोन तासांनी रक्त घ्यायचं. कशानं रक्तात किती चरबी चढते आणि किती वेळ रेंगाळते, ते पाहायचं होतं. सकाळचं पाणी नितळ असे, चौथ्या तासाला दुधाळ होई, आठव्या तासाला निवळू लागे. लोण्याचा दिवस वेगळा, तेलाचा वेगळा, आणि माणसं तर त्याहून वेगळी.

नळ्यांचं काम ताई बघत. मला रोज मायेनं पुसत. पण नियमाला पक्क्या. मधे कुणी खाल्लं, की नळी बाद.

एका लोण्याच्या दिवशी, अभ्यासाला येणाऱ्या शिंपीकाकांची आठव्या तासाची नळी निघाली ती पांढरीफटक.

"काका, खरं सांगा, कुठे हात मारलात?"

"पाण्याशिवाय थेंब घेतला नाही, पोरी."

"मांजरही डोळे मिटूनच दूध पितं हो," ताई म्हणाल्या. सगळे हसले. काकाही हसले, पण चेहरा उतरला.

"म्हातारपणी चोर ठरलो म्हणायचं," एवढं बोलून ते गेले.

नळी कचऱ्याच्या टोपलीत गेली. त्यांची सकाळची, पाव खाण्याआधीची नळीही धुरकट होती. मी पाहिली होती, पण मला तोंड कुठे?

तीन आठवड्यांनी त्यांची लेक आली. काकांच्या पोटात कळ उठली होती, स्वादुपिंड सुजलं होतं. रक्तातली चरबी उतरतच नव्हती, त्यानंच हे झालं, हे डॉक्टरांना तेव्हा कळलं.

"बाबा जाईपर्यंत एकच म्हणत होते," ती म्हणाली, "ताईंना सांग, मी खाल्लं नव्हतं."

पुढे निवृत्त होईपर्यंत प्रत्येक पांढरी नळी ताई उजेडात धरून उभ्या राहत, आणि समोरच्याला हळूच विचारत, "बरं वाटतंय ना तुम्हाला?"

मित्रांनो, यंत्रं पुसा, जपा, ते बरंच. पण उपाशी माणूस 'खाल्लं नाही' म्हणाला, तर हसू नका. आधी त्याचा शब्द जपा. नळी काय, पुन्हा भरता येते.