दुसऱ्याच्या पायांचा नवस

ज्या डिसेंबरात जयराम पिंगळच्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं, त्याच डिसेंबरात त्याच्या बायकोच्या छातीत गाठ निघाली. साल दोन हजार एकवीस. हळदीच्या दिवशी ओलं ब्लाउज बदलताना ती गाठ मनीषाच्या हाताला पहिल्यांदा लागली, आणि नणंदेची पाठवणी होईपर्यंत ती कुणाला एक अक्षर बोलली नाही. लग्नघरात अपशकुन नको. पुढं ऑपरेशन झालं, केमो झाली, डाव्या छातीवर किरणांचा शेक झाला, एकवीस दिवसांनी एक अशी वर्षभर इंजेक्शनं झाली. डोक्यावर केस परत आले. रिपोर्ट स्वच्छ आला.

घरात त्या रिपोर्टाचे दोन अर्थ लागले. जयराम म्हणे, डॉक्टरांनी वाचवली. त्याची आई मंगलाबाई म्हणे, गडावरच्या सप्तशृंगी आईनं वाचवली. आणि तिच्या कानावर घातलं कुणी? मी.

ते खरंही होतं. ऑपरेशनच्या दिवशी मंगलाबाईनं दवाखान्याच्या जिन्यात पदर पसरला होता. "आई, माझी सून वाचव. तिला अनवाणी, पायरी पायरीनं तुझ्या दाराशी आणीन. रुळावरच्या ट्रॉलीत बसू देणार नाय." त्या घटकेला मनीषा टेबलावर बेशुद्ध पडलेली होती. नवस तिच्या पायांचा, पण तिला विचारायची सोय नव्हती. ती शुद्धीवर असती तरी कुणी विचारलं असतं असं नाही. आपल्याकडं सुनेच्या नावानं उपास धरतात, सुनेच्या नावानं दंडवत बोलतात. बोलणारीचं तोंड दुखत नाही आणि फेडणारीला तोंड नसतं.

मंगलाबाई दिंडोरीकडची. तीस वर्षं द्राक्षाच्या बागेत हात वर करून उभी राहिलेली बाई. घड विरळताना मान मोडून यायची, पण मुकादमानं शिट्टी दिल्याशिवाय ती बसली नव्हती. नवरा गेल्यावर मुलाकडं नाशकाला आली. तिथं द्वारका चौकात जयरामचं बॅटरीचं दुकान आणि मागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर घर, लिफ्ट नाही. माणूस कसं आहे हे ती एकाच गोष्टीवरून ठरवी. ते किती वेळ उभं राहतं.

त्यामुळं दोन हजार पंचवीसच्या चैत्रात, त्या शनिवारी सकाळी, सून ओट्यापाशी प्लॅस्टिकचं स्टूल ओढून पोळ्या लाटायला बसली तेव्हा मंगलाबाईच्या डोक्यात तिडीक गेली.

"बसून सैपाक? हे काय कँटीन हाय?"

"दम लागतो, आई."

"पोळ्या लाटायला दम लागतो? आम्ही बाळंतीण झाल्यावर बाराव्या दिवशी बागेत होतो."

मनीषा गप्प राहिली. बोलायलाही श्वास लागतो, आणि तिला तो पोळीसाठी पुरवून ठेवायचा होता.

तिचं गप्प बसणं मंगलाबाईला आणखी लागे. तिचं खालच्या मजल्यावरच्या बायकांना सगळं सांगून झालं होतं. दिवाळीला चकल्या सासूनं एकटीनं पाडल्या, ही आपली सोफ्यावर. भाजीची पिशवी घेऊन वर येते तर प्रत्येक मजल्याला थांबते, जसं काही गडच चढतेय. संक्रांतीच्या सुमारास जोडवी काढून ठेवली, म्हणे बोटात रुततात. सवाष्ण बाई अन् जोडवी रुततात! निजायला आधी दोन उशा घेई, होळीपासून तीन. "राणीसरकार बसून झोपतात," असं मंगलाबाई म्हणायची आणि बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

पण एकटी असली की ती हसत नसे. कॅन्सर गेला तरी सून सुधारत नाही, याचा अर्थ तिच्या मते एकच होता. नवस फिटला नव्हता. देवीनं दिलेलं देवी परत मागत होती. सुनेला जितका दम लागे तितकी मंगलाबाईची खात्री पटे, की तिला आता चढवलंच पाहिजे.

त्याच संध्याकाळी तिचा भाऊ सहादू आला. सहादूच्या पांढऱ्या टोपीला कधी डाग नसे आणि जिभेला कधी लगाम नसे.

"मंगळवारी जाऊ," तो चहा बशीत ओतत म्हणाला. "चैत्राची यात्रा हाय, देवीचा वार हाय. माझ्या ओळखीची गाडी सांगतो."

जयराम जरा चुळबुळला. "मंगळवारी हिची तपासणी आहे, मामा. इको. डॉक्टरांनी सांगितलंय."

"कॅन्सर गेला ना?"

"गेला. पण म्हणाले, त्या औषधांनी हृदयाचा पंप कमजोर होऊ शकतो. बघून घ्या."

"आता काळीज बघणार!" सहादू मोठ्यानं हसला. "आधी छाती कापली, मग केस काढले, आता काळीज. जयराम, तुझ्या बायकोला सुटं सुटं करून विकतील ते. डॉक्टर फी घेतो, देवी नवस घेती. फुकट कोण हाय? पण देवी तारीख देत नाय. देवी बोलावती."

दारात उभी असलेली यशश्री पुढं आली. जयरामची मुलगी, बावीस वर्षांची, कुरिअरच्या कंपनीत नोकरीला. "सहादू आजोबा, आईला तिसरा मजला चढवत नाही. पाचशे पायऱ्या कशा चढेल ती? ट्रॉली आहे ना तिथं?"

"ट्रॉलीचा नवस नाय बोलले मी," मंगलाबाई म्हणाली.

"मग तू चढ."

"माझे गुडघे गेलेत."

"आणि आईचं हृदय?"

"यशे! मोठ्यांशी कसं बोलावं ते तुझ्या आईनं नाय शिकवलं. ती निजलेली असती ना."

तेवढ्यात मनीषा स्वयंपाकघराच्या चौकटीला धरून उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही. "आई, एक विचारू? नवस बोलताना तुम्ही माझे पाय मागितलेत. माझं मन का नाही मागितलंत?"

मंगलाबाईला तो प्रश्न कळला, आणि कळला म्हणूनच तिचा संताप झाला. "जिती हायस ती त्या नवसावर! नायतर आज तुझ्या फोटोला हार असता. खाल्ल्या अन्नाला तरी जाग."

मनीषानं नवऱ्याकडं पाहिलं. जयराम वाईट माणूस नव्हता. दुकानात गिऱ्हाइकाला खोटी बॅटरी त्यानं कधी दिली नाही. पण आई आणि मामा एका बाजूला बसले की त्याला स्वतःचं मत सापडत नसे. तो म्हणाला, "एक दिवसाचा तर प्रश्न आहे. हळूहळू चढ. इको पुढच्या आठवड्यात करू."

"बरं," मनीषा म्हणाली. त्या घरात हा शब्द ती तेवीस वर्षं म्हणत आली होती.

मंगळवारी गडावर पहिल्या पायरीशी मुंगीला जागा नव्हती. खानदेशातून पायी आलेले लोक, हलगी, गुलाल, वर ऊन. मनीषानं चपला काढल्या. तिचे पाय घोट्यापाशी सुजलेले होते आणि चपलेच्या पट्ट्याचे वळ तसेच राहिले होते. ओटीचं सामान विकणाऱ्या बाईनं ते पाहिलं.

"मावशी, सून आजारी दिसती. ट्रॉलीत घ्या की संग. आईला काय डोळे नाय का?"

"नवस तुझा का माझा?" मंगलाबाई म्हणाली. "नारळ दे, अन् शहाणपण राहू दे."

जयराम आणि यशश्री मनीषाबरोबर पायऱ्या चढू लागले, आणि ती सहादूबरोबर ट्रॉलीत बसली. गार हवेच्या डब्यातून तीन मिनिटांत वर गेली. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

वर सावलीला बसून तिनं वाट पाहिली. अर्धा तास झाला. तासभर झाला. तिच्यापेक्षा म्हाताऱ्या बाया काठी टेकत वर येत होत्या, कडेवर पोरं घेतलेल्या येत होत्या. प्रत्येकीगणिक तिचा राग वाढला. "बघ, बघ ही सत्तरीची," ती भावाला म्हणाली. "अन् आमची सेहेचाळीसची. बसली असंल कुठंतरी सरबत पीत. नखरे."

सहादूचा फोन वाजला. त्यानं कानाला लावला आणि त्याच्या तोंडावरचं हसू गेलं. पलीकडून यशश्री इतक्या मोठ्यानं ओरडत होती की मंगलाबाईलाही ऐकू आलं. "आईला श्वास येत नाहीये! ओठ निळे पडलेत! बाबांनी डोलीवाल्यांना थांबवलंय, तुम्ही खाली या!"

मनीषा अर्ध्या वाटेवर बसली होती. यशश्रीनं दोनदा परत फिरू म्हटलं होतं. दोन्ही वेळा ती म्हणाली होती, "नको, घरी गेल्यावर त्यांचं ऐकण्यापेक्षा हे बरं." डोलीवाल्यांनी तिला खाली आणलं. वणीच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला, तिथून नाशिकला, थेट अतिदक्षता विभागात.

संध्याकाळी तिथले हृदयाचे डॉक्टर बाहेर आले. तरुण माणूस, डोळ्यांखाली काळं. त्यांनी मनीषाची जुनी फाइल मागवून घेतली होती. "हृदयाची ताकद फार कमी झालीय. फुप्फुसात पाणी भरलंय. शेवटचा इको कधी केला होता?"

जयराम म्हणाला, "इंजेक्शनं चालू होती तोवर करत होतो. मग... आजच होता."

"दम कधीपासून लागतोय?"

जयरामला सांगता येईना. यशश्री कामावर असे. उत्तर मंगलाबाईनं दिलं. तिच्याजवळ ते पाठ होतं.

"दिवाळीपास्नं. चकल्यांना बसली नाय तेव्हाच मी म्हटलं. मग जिन्यात थांबाया लागली, आधी दुसऱ्या मजल्याला, मग दर मजल्याला. संक्रांतीला जोडवी काढली, पाय सुजत होते. दोन उशा घेत होती, होळीपास्नं तीन. शनिवारपास्नं पोळ्या बसून करती."

ती बोलत होती आणि डॉक्टर लिहीत होते. एकेक गोष्ट, तारखेच्या क्रमानं. ते इतकं मन लावून का लिहितायत हे तिला आधी कळेना. गल्लीतल्या बायकांनी कधी असं ऐकलं नव्हतं, त्या हसायच्या. मग बोलता बोलता तिचाच आवाज बारीक होत गेला.

"मावशी," डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला सगळं दिसत होतं."

"माझ्या नजरेतून काय सुटत नाय," ती सवयीनं म्हणाली.

"मग आम्हाला का नाही सांगितलंत?"

डॉक्टरांनी फाइलमधला एक पिवळा कागद काढून जयरामच्या हातात दिला. इंजेक्शनं संपली तेव्हा तो मिळाला होता. मराठीतच छापलेला. जयरामला वाचता येत होतं. त्यानं तो दोन वर्षांत वाचला नव्हता. आता त्यानं वाचला, ओठ हलवत: चढताना धाप लागणे. पायांवर सूज. झोपताना उशी उंच लागणे. नेहमीच्या कामात थकवा. यांतलं काहीही झाल्यास त्वरित दाखवा.

"हे दिवाळीत कळलं असतं तर गोळ्या देता आल्या असत्या," डॉक्टर म्हणाले. "पुष्कळ लोक त्यावर बरी वर्षं काढतात. पोळ्या लाटतात, दुकानं चालवतात." त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर मंगलाबाईला उलटून बोलता आलं असतं.

मनीषा परत घरी आली नाही.

तेराव्याला घर माणसांनी भरलं. येणारा जाणारा म्हणे, "कॅन्सर वाईटच. गेला गेला वाटतं अन् दावा साधतो." जयराम मान हलवी. ते सोपं होतं. जेवणं झाल्यावर सहादूनं टोपी सारखी केली आणि घसा खाकरला.

"एक बोलू का? बोलायला पाहिजे म्हणून बोलतो. नवस अर्धा राहिलाय. अर्धा नवस घरात ठेवू नये. आईनं जिथवर आणला तिथनं लेकीनं पुढं न्यावा. उद्या तिचं लग्न व्हायचंय."

दोनचार म्हाताऱ्यांनी "व्हय, व्हय" केलं.

यशश्री भांड्यांच्या ढिगापाशी उभी होती. ती हात पुसत पुढं आली. "मी चढणार नाही."

"पोरी, देवीचा कोप..."

"देवीला मी हात जोडते. ज्या दिवशी मला वाटेल त्या दिवशी जाईन, ट्रॉलीत बसून जाईन. पण माझे पाय कुणी बोलायचे नाहीत. आईचे बोललात, तिनं दिले. आता तिला कॅन्सरनं नेलं म्हणताय. सहादू आजोबा, तिला आपण चढवलं. तुम्ही गाडी सांगितली, बाबांनी तारीख बदलली, आणि मी तिच्याबरोबर चढले, खाली ओढून आणली नाही. एवढं तरी खरं बोला."

सहादूचं तोंड उघडलं. "मंगल, ऐकतीस का नातीचं?"

सगळ्यांनी मंगलाबाईकडं पाहिलं. ती भिंतीला टेकून बसली होती. तेरा दिवसांत तिनं कुणाची कुरकूर केली नव्हती, आणि घरच्यांना ते तिच्या रडण्यापेक्षा जास्त खटकत होतं.

"सहादू, गप," ती म्हणाली. "नवस मी बोलले होते. माझ्या तोंडानं. पोरीचं नाव घ्यायचं नाय."

यशश्री आजीच्या जवळ गेली नाही. तिच्या पाया पडली नाही, की तिला कुशीत घेतलं नाही.

"हे आज बोललीस, आजी," ती म्हणाली. "त्या मंगळवारी बोलायचं होतंस."

आणि ती परत भांड्यांकडं वळली.

वाचणाऱ्यानं आपल्या घरातली बाई आठवून बघावी, जी जिन्यात थांबते, बसून लाटते, उंच उशी घेते, आणि तिला आपण काय म्हणतो तेही आठवावं. त्या गल्लीत आजही लोक सांगतात, पिंगळांची सून कॅन्सरनं गेली. तसं झालं नाही. कॅन्सरातून ती उठली होती. मनीषा जयराम पिंगळ, वय सेहेचाळीस, गुरुवार दिनांक दहा एप्रिल दोन हजार पंचवीस रोजी सकाळी सव्वासात वाजता, नाशिकमध्ये, हृदय बंद पडून वारली.