पारा चढलाच नाही

मी एक जुना थर्मामीटर आहे. काचेचा, पाऱ्याचा, लावण्याआधी झटकावा लागतो तसला. मुलुंडच्या एका सोसायटीत, शकुबाईंच्या कपाटात, सुईदोऱ्याच्या डब्यात माझा मुक्काम असतो. मित्रांनो, माझा स्वभाव फटकळ आहे. ताप असेल तर आहे म्हणणार, नसेल तर नाही. कुणाच्या भिडेखातर एक रेघसुद्धा इकडची तिकडे करणार नाही.

शकुबाईंनी मला आणलं तेव्हा त्यांचा मुलगा विकी शाळेत जायलाही लागला नव्हता. त्याचा गोवर मी पाहिला, टायफॉइड पाहिला. एकदा शाळा बुडवायची म्हणून त्याने मला चहाच्या कपाला टेकवून ठेवलं. फुटता फुटता वाचलो बुवा! त्या घरात माझ्या शब्दाला मान होता. मग टीं टीं वाजणारा बॅटरीवाला थर्मामीटर आला आणि मला डब्यात टाकलं. वाईट वाटलं. का वाटू नये?

यंदा उन्हाळ्यात मात्र माझी आठवण झाली. त्या रविवारी वर्षभराच्या मसाल्याच्या मिरच्या गच्चीवर वाळत घातल्या होत्या. देठं खुडायला शकुबाईंसोबत विकी बसला. त्याची बायको संघमित्रा खाली दहा महिन्यांच्या अस्मिताला निजवत होती. काम संपल्यावर विकी खाली आला, नळाखाली हात धुतले आणि उठलेल्या लेकीला उचलून घेतलं. गालगुच्चा घेतला. तिने त्याचं बोट चोखायला घेतलं. अन् काय सांगू, पोरीने असा टाहो फोडला की शेजारचे दारात आले!

तिचे गाल लालबुंद झाले. तोंडातून लाळ गळायला लागली. संघमित्राने गालाला हात लावून बघितलं.

"विकी, ही तापलीय रे! थर्मामीटर आण."

बॅटरीवाल्याची बॅटरी संपलेली. शेवटी डब्यातून मला काढलं, झटकलं आणि अस्मिताच्या काखेत ठेवलं.

मी जीव लावून मोजलं. पारा अठ्ठ्याण्णवपर्यंतही गेला नाही.

"असं कसं होईल?" विकी ओरडला. "तोंड बघ तिचं! बिघडलाय हा. फेकून दे. तापाचं औषध दे आधी, मग हॉस्पिटलला पळू."

संघमित्राने औषधाची बाटली उघडलीसुद्धा. मित्रांनो, मी खरं बोलत होतो आणि कुणी ऐकत नव्हतं. नसलेल्या तापाचं औषध त्या इवल्याशा पोटात जाणार, या विचाराने माझा जीव कासावीस झाला. मला ओरडता आलं असतं तर!

एवढ्यात विकीला रडू आलं. त्याने दोन्ही हातांनी डोळे पुसले आणि जागेवर उडालाच.

"आई गं! मेलो, मेलो! डोळे!"

शकुबाई तेवढ्यात गच्चीवरून आल्या होत्या. त्यांनी एकदा विकीकडे पाहिलं, एकदा नातीकडे.

"अरे येड्या, मिरचीचे हात लावलेस पोरीला? संघमित्रा, ठेव ती बाटली. पाज तिला."

संघमित्राने पोरीला छातीशी घेतलं आणि फोन स्पीकरवर टाकून डॉक्टरांना विचारलं. गालाला खोबरेल लावून पुसा, मग साबणाने धुवा, डोळ्यांपाशी तेल नको, असं त्यांनी सांगितलं. विकीला डोळ्यांवर पाण्याची धार धरायला लावली. डॉक्टर म्हणाल्या, "त्वचेत आणि तोंडात भाजल्याची खबर देणाऱ्या नसा असतात. मिरचीचं तिखट त्याच नसांना चेतवतं. मेंदूला वाटतं, चटका बसला. गाल लाल होऊन तेवढेच गरम लागतात, अंगात ताप नसतोच. नुसत्या पाण्याने ते तिखट जात नाही, तेलात मात्र विरघळतं. तळहाताची कातडी जाड, म्हणून तुमच्या मिस्टरांना कळलं नाही."

म्हणजे मी खरा होतो! हुश्श! थोड्याच वेळात अस्मिता हुंदके देत देत थांबली आणि आजीच्या नाकाशी खेळू लागली. संघमित्रा हसता हसता रडली. मला पुन्हा लावलं. तोच आकडा. या वेळी सगळ्यांनी मान डोलावली.

विकी मात्र हात पाठीमागे बांधून भिंतीला टेकून उभा होता. तेल लावून, साबणाने घासून हात पांढरे पडले तरी लेकीला घ्यायचं त्याला धाडसच होईना. मग शकुबाई म्हणाल्या, "जिभेला लावून बघ की."

मित्रांनो, मला झटकताना जपा, फुटलो तर पाऱ्याला हात लावू नका, आणि मी नाही म्हणालो तर दुसरं काय झालंय ते आधी शोधा. पण तिखट मोजायला माझ्यावर एकही रेघ नाही, तिथं तुमची जीभच खरी. विकीने एकेक बोट जिभेला लावून पाहिलं, अंगठ्यापाशी जरा जास्तच थांबला, आणि मग लेकीपुढे दोन्ही हात पसरले. ती झेपावली.