पालथ्या दगडाखालचं नाव

मी बोलतोय तो एका पोरीच्या थडग्यावरचा दगड. गेली कित्येक शतकं मात्र सगळे मला गटाराचं झाकण समजतात. समजेनात का!

इंग्लंडच्या उत्तरेला रोमच्या बादशहाने बांधलेल्या भिंतीवर तादिउस नावाचा शिपाई पहारा करायचा. त्याची सात वर्षांची सुरिल्ला तापाने गेली. त्याने माझ्यावर तिचं नाव कोरून घेतलं आणि मला रस्त्याच्या कडेला उभं केलं. तेव्हा रीतच तशी होती. वाटसरूने मेलेल्याचं नाव मोठ्याने वाचायचं. वाचणारं कुणी आहे तोवर माणूस पुरतं गेलं नाही, असं मानायचे.

तादिउस येणाऱ्याजाणाऱ्याला अडवायचा. "अहो, वाचा की! घसा बसलाय का तुमचा?" कुणी वाचलं की तोंड फिरवून रडायचा.

तोही गेला. पुढे नव्या शिपायांना गटार झाकायला दगड हवा होता. त्यांनी मला उपटलं आणि पालथं घातलं. नाव खाली, अंधारात. त्या दिवशी जीव किती तुटला, ते सांगवत नाही.

मग मागच्या वर्षी डोक्यावर घरघर सुरू झाली. शेतावरच्या घरासाठी पाण्याचा पाईप टाकायचा होता. भिंतीजवळ खणायचं म्हणजे पुरातत्त्वाचं माणूस शेजारी उभं लागतं. ती होती रोवेना. माती हलकेच, थराथराने निघावी म्हणून तिने खोदयंत्राची माती उपसायची दातांची बादली काढून सपाट धारेची बसवायला लावली होती.

"माझ्या यंत्राचे दात पाडलेस," चालक क्लिफ कुरकुरला. "आता माझे पाडतेस की काय?"

"बडबड केलीत तर तेही पाडीन, काका. अहो, थांबा, थांबा!"

मी दिसलो होतो. तिने गुडघे टेकून माती झाडली, माझ्या कडेवरून बोट फिरवलं. "चांगला घडवलेला आहे हो. नुसतं झाकण वाटत नाही."

"मग उलटून बघ की. यंत्र आहे, मी आहे."

उलट गं बाई, उलट! मी आतल्या आत ओरडत होतो.

तिने टेप लावून चराची खोली मोजली. "नको. पाईप याच्या वरून जाईल. ज्याला धक्का लागत नाही ते जागच्या जागी सोडायचं, असा आमचा नियम. मातीतच ते नीट राहतं."

"भारीच सोवळी बुवा तू!" क्लिफ म्हणाला.

तिने फोटो काढले, माझ्यावर कापड पांघरलं, हलकेच थोपटलं. वाईट नव्हती हो ती. तिच्या हाताला माया होती, म्हणून तर जास्त लागलं.

पाईप बसला. पण त्याच्या चरातून पावसाचं पाणी आता माझ्याखाली उतरतं. ज्या गाळाने इतकी शतकं अक्षरं जपली, तो धुऊन गेला. पाणी त्या नावावरूनच वाहतं. पहिलं अक्षर गेलं. दुसरं झिजतंय.

रोवेना, ये गं. एकदाच नियम मोड, मला उलट आणि मोठ्याने वाच. माझं काय, मी दगड, पडून राहीन. पोरीला तेवढा वेळ नाही.