प्लास्टिकच्या मेंदूचा आठवडाभराचा पाहुणचार

‘बाई, तुम्ही सकाळी असं काय खाता हो, की आमची एकेक चूक तुमच्या बरोब्बर लक्षात राहते?’

वर्ग चिडीचूप झाला. ‘विचारून दाखव, नाहीतर तू भित्री!’ अशी पैज लावणाऱ्या दोन मैत्रिणी मागच्या बाकावर होत्या. त्यांनी लगेच पुस्तकात तोंड खुपसलं. इतक्या अभ्यासू त्या वर्षभरात कधी दिसल्या नव्हत्या. प्रश्न विचारणारी मुलगी मात्र ताठ उभी होती. तिला सगळे भोंगा म्हणतात, कारण तिची कुजबुजसुद्धा शेजारच्या वर्गात ऐकू जाते. आणि मी? मी शास्त्राच्या बाईंच्या उजव्या हातात होतो.

मित्रांनो, मी एक जुना मेंदू आहे. घाबरू नका, प्लास्टिकचा आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. शेजारच्या साच्यातून बादल्या निघत होत्या. कामगाराचा हात जरा इकडचा तिकडे झाला असता, तर आज मी कुणाच्या तरी न्हाणीघरात असतो. माझ्या अंगावर गुलाबी, निळे, पिवळे भाग रंगवले आणि मला शाळेत धाडलं. ‘हा बघा आपल्या शरीराचा राजा!’ असं बाई म्हणायच्या आणि मी आतून पोकळ असूनही फुगायचो.

पुढे वर्गात मोठा पडदा आला. त्यावर हलणारे, चमकणारे मेंदू दिसू लागले आणि राजेसाहेब कपाटात गेले. तिथे माझा सोबती म्हणजे हाडांचा एक सापळा. त्याचा एक हात कुणीतरी पळवलेला. माझे रंग उडाले. मागच्या बाजूचा लहान मेंदू खिळखिळा झाला. मित्रांनो, शरीराचा तोल सांभाळणं हे लहान मेंदूचं काम. तोच सैल झाल्यामुळे मी कपाटात सारखा कलंडायचो. सापळा हसायचा. त्याला दुसरं येतंच काय!

त्या दिवशी पडदा बंद पडला, म्हणून मला बाहेर काढलं होतं. बाईंनी भोंग्याकडे पाहिलं. त्या चिडतील असं सगळ्यांना वाटत होतं.

‘एक अंडं, एक केळं आणि मूठभर शेंगदाणे,’ बाई शांतपणे म्हणाल्या. ‘तू काय खाल्लंस?’

‘चहा, बाई. आणि बिस्कीट.’

‘किती बिस्किटं?’

‘एकच. तेही अर्धं चहात पडलं.’

वर्ग हसत सुटला. बाईंनी मला उंच धरलं. ‘हा गडी वजनाला एवढासा. पण अंगाला मिळणाऱ्या शक्तीतला जवळजवळ पाचवा हिस्सा हा एकटा फस्त करतो. आणि साठवून ठेवत नाही. त्याला वेळच्या वेळी लागतं. अन्न लागतं, पाणी लागतं, झोप लागते, चांगली हवा लागते.’ मग त्या भोंग्याला म्हणाल्या, ‘उभी आहेसच, तर आता एक काम कर. याला आठवडाभर घरी ने. हा खरा असता, तर तुझ्या घरात त्याचं कसं चाललं असतं, ते बघ आणि पुढच्या सोमवारी वर्गाला सांग. आणि पाडू नकोस, म्हातारा आहे.’

अशी माझी वरात निघाली. ओढणीत गुंडाळलेला मी जिन्यावरून वर जात होतो, तेवढ्यात शेजारच्या काकूंनी अडवलं.

‘काय गं, फ्लॉवर कसा मिळाला?’

‘फ्लॉवर नाही काकू, मेंदू आहे.’

‘कुणाचा?’

‘शाळेचा.’

‘तरीच गेली दोन वर्षं शाळेचा निकाल असा लागतोय,’ असं म्हणून काकू आत गेल्या.

घर म्हणजे एक खोली, मागे स्वयंपाकघर आणि पुढे अरुंद गॅलरी. भोंग्याचे बाबा बूट दुरुस्त करतात. त्यांचं टेबल खोलीतच, खिडकीपाशी. खिडकी कायम बंद, कारण वाऱ्याबरोबर धूळ आली तर सोलला लावलेलं सोल्युशन खराब होतं. सोल्युशन म्हणजे तळवे चिकटवायचा तो पिवळट चिकट पदार्थ. त्याचा डबा दिवसभर उघडाच. आत शिरल्यावर नाकात असा झणका बसतो की विचारू नका. मला नाक नाही, तरी मला शिंक येईलसं वाटलं. टेबलाच्या पायाशी चटईवर भोंगा अभ्यास करते आणि रात्री तिथेच सगळे झोपतात.

आईचं काम एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात. पहाट उजाडायच्या आत ती निघते, म्हणून घरचा नाश्ता म्हणजे झाकून ठेवलेला चहा.

त्या संध्याकाळी भोंगा मला समोर ठेवून माझे भाग पाठ करू लागली. शाळेत घडाघडा सांगितलेले भाग आता कुठे पळाले कोण जाणे. मोठ्या मेंदूला ती यकृत म्हणाली. मला फार लागलं ते. मग कपाळ दाबत भिंतीला टेकली.

‘दुखतंय पुन्हा?’ आईने विचारलं.

‘रोजचंच.’

‘हे बघ,’ बाबा बुटात हात घालून म्हणाले, ‘पुढच्या वर्षी विज्ञान नको. रागावून नाही सांगत. तुझं डोकं नाजूक आहे. सोपं काहीतरी घे, सुखी राहशील.’

एरवी एका शब्दाला दहा उत्तरं देणारी ही मुलगी नुसती मान हलवून वही मिटायला लागली. मित्रांनो, मला तेव्हा कळलं, तिलाही ते खरं वाटत होतं. आपलं डोकंच कच्चं आहे, असं तिने मनाशी धरून ठेवलं होतं. विज्ञान सोडायचं ठरतच आलं होतं.

बाबांना तिचा चेहरा पाहवेना. काहीतरी चांगलं करावं म्हणून त्यांनी मलाच उचललं.

‘याचा हा तुकडा हलतोय की!’

‘राहू द्या बाबा, शाळेचा आहे.’

‘अगं, माझ्या हातचा बूट कधी परत आला नाही, मेंदू कसा येईल?’

त्यांनी दोन्हीकडे सोल्युशन फासलं, फुंकर घातली, लहान मेंदू दाबून बसवला, वरून रबराची पट्टी आवळली. इतक्या मायेने मला कुणी हात लावला नव्हता. मी धन्य झालो.

सकाळी पट्टी सोडली आणि बाबांचा चेहरा पडला. माझा मागचा भाग विरघळला होता! ओल्या साबणासारखा बसका, आणि त्यावर बाबांच्या अंगठ्याचा झकास ठसा. तोल सांभाळणारा अवयव आता माझ्या मानेवर ओघळून बसला होता.

‘प्लास्टिकच नकली,’ बाबा म्हणाले. ‘चांगल्या मेंदूला काही होत नाही.’

भोंगा आधी पोट धरधरून हसली. मग हसता हसता थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, बंद खिडकीकडे पाहिलं. आणि बाबांकडेही, कारण ते तेव्हा चामडं टोचायची आरी शोधत होते आणि आरी त्यांच्या कानामागेच खोचलेली होती.

त्याच दिवशी शाळेत तिने बाईंना सगळं सांगितलं. संध्याकाळी जिन्यात बसून मला वृत्तांत दिला. कुजबुजत दिला, म्हणजे सगळ्या इमारतीने ऐकला.

‘बाई म्हणाल्या, प्लास्टिक विरघळलं म्हणून मेंदूही तसा विरघळतो असं समजू नकोस, ते वेगळं. पण तो वास बंद खोलीत रोज घेतला, तर डोकं दुखतं, लक्ष लागत नाही, विसरायला होतं. पुष्कळ वर्षं घेतला तर जास्तच. आणि सगळ्यांत जास्त कुणाला, तर दिवसभर डब्यावर वाकून बसणाऱ्याला. समजलं का रे फ्लॉवर?’

त्या दिवसापासून ती जिन्यातच अभ्यास करू लागली. तिथे हवा खेळती. सकाळी निघताना केळं आणि शेंगदाणे. मेंदूला सकाळी अन्न लागतं हे आईला कळलं तेव्हा ती ओट्यापाशी नुसती उभी राहिली. ‘अख्ख्या वसतिगृहाला मी अंडी उकडून घालते,’ ती म्हणाली, ‘आणि माझी पोर चहावर!’ दुसऱ्या दिवसापासून चहाच्या झाकणावर उकडलेलं अंडं ठेवलेलं दिसू लागलं.

आठवडा संपत आला तसे भोंग्याच्या तोंडून माझे भाग झरझर बाहेर पडू लागले. यकृत पोटात परत गेलं. कपाळ दाबणंही कमी झालं. काकू तर दार उघडून ओरडल्या, ‘अगं, मलासुद्धा पाठ झाला तुझा मेंदू, आता थांब!’

मित्रांनो, मला भूक नाही, झोप नाही, श्वास नाही. मला कपाटात ठेवा नाहीतर कोनाड्यात, माझं काही बिघडत नाही. माझा लहान मेंदू विरघळला, तर कारखान्यातून दुसरा मागवता येईल. तुमच्या डोक्यात आहे त्याचा सुटा भाग कुठेच मिळत नाही. त्याला उपाशी शाळेत नेऊ नका. त्याला कोंदट खोलीत कोंडू नका. आणि तो दमला, चुकला, विसरला, तर लगेच त्याला मठ्ठ म्हणू नका. आधी खिडकी उघडी आहे का बघा. एवढंच या ओघळलेल्या म्हाताऱ्याचं मागणं आहे.

रविवारी दुपारी जेवणं झाली. भोंगा मला काखेत मारून खोलीच्या मधोमध उभी राहिली.

‘आई, बाबा, मला बोलायचंय.’

‘हळू बोल,’ आई म्हणाली.

‘हळूच बोलतेय. बाबा, तुमचं टेबल आज गॅलरीत जाणार. मी आणि आई उचलू. सोल्युशनचा डबा झाकण लावून तिथेच राहील.’

‘गॅलरीत ऊन लागतं गं.’

‘ताडपत्री बांधू.’

‘धूळ उडते.’

‘बूट पुसता येतात बाबा. तुमचं डोकं कशाने पुसू?’

बाबांनी हातातला बूट खाली ठेवला, मग परत उचलला. आईने खिडकीची कडी काढली. ती वर्षानुवर्षं गंजलेली, दोन धक्क्यांनी सुटली. वारा आत आला आणि टेबलावरचे चामड्याचे तुकडे खोलीभर उडाले.

‘आणि दुसरं,’ भोंगा म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच खरोखर हळू झाला होता. ‘माझं डोकं नाजूक नाहीये. मी पुढच्या वर्षी विज्ञान घेतेय. विचारत नाहीये, सांगतेय.’